परसातला डबा

परसात काहीतरी पुरून ठेवले आहे, अशी एखादी गोष्ट आपल्या समाजातल्या पुष्कळ घरांत सांगितली जाते. कुणाच्या आजीने चुलीमागे तांब्या पुरला होता, कुणाच्या पणज्याने आंब्याच्या बुंध्याशी गाठोडे. यात नवल करण्यासारखे काही नाही. बँक आपल्या वस्तीपर्यंत कधी आली नव्हती. घराला कुलूप लावावे तर दार धड नव्हते. वर गवताचे छप्पर, एक ठिणगी पडली की सगळ्याची राख. मग बायामाणसांनी चार पैशांची चीजवस्तू जमिनीच्या पोटात ठेवली, एवढेच. जमीन जळत नाही आणि चोराला दिसत नाही. पण ठेवणारी बाई निघून गेली की गोष्टीला पाय फुटतात. डब्याचा हंडा होतो, हंड्याचे सात रांजण होतात, आणि त्या न पाहिलेल्या धनापायी सख्खी भावंडे एकमेकांना पाठ दाखवतात.

आमच्या घरात अशी गोष्ट पन्नास वर्षे चालत होती. तिचा निकाल लावण्यासाठी आम्ही एक यंत्र आणले. ते यंत्र निवडताना जे कळले ते इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहोत.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात. आजोबांना दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरले मुलगे आबा, ते गावातच राहिले. धाकटे आमचे वडील, ते १९६५ साली मुंबईला येऊन गिरणीत लागले. आत्या शेजारच्या तालुक्यात दिली. आत्या आज ऐंशीच्या घरात आहे. ती सहा-सात वर्षांची असताना तिने एकदा तिन्हीसांजेला आपल्या आईला मागीलदारी पहारीने खणताना पाहिले. जवळ एक पितळी डबा होता. मुलीला बघून आई म्हणाली, "घरात जा." आत्याने पाहिले ते एवढेच. पुढे १९७४ साली आबांनी घरावरचे गवत काढून मंगलोरी कौले घातली आणि मुंबईच्या चाळीत कुजबूज सुरू झाली. मोलमजुरी करणाऱ्या माणसाला कौलांना पैसा मिळाला कुठून? तोंडावर कुणीच विचारले नाही. लग्नाकार्याला जाणे-येणे राहिले, पंगतीत शेजारी बसणे राहिले, पण मनात खडा तो खडाच. आबा गेले, काकी गेली, आमचे वडीलही गेले. खडा मात्र वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे आला.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या मुलाला, म्हणजे आमच्या दादाला, रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले. जुने घर पाडायचे आणि पायासाठी परस खणायचे ठरले. दादाने स्वतः फोन केला. "जयभीम. जेसीबी यायच्या आधी तुम्ही सगळे या आणि काय ते एकदा बघून घ्या. नंतर कुणी म्हणायला नको." शेवटचे वाक्य ऐकून आम्ही घरातली माणसे बराच वेळ गप्प बसलो होतो. दादाला धन नको होते, आपल्या आईबापाच्या नावावरचा डाग पुसून हवा होता.

शोधायचे तर कसे? सल्ले भरपूर मिळाले. एकाने सांगितले, पायाळू माणूस आणा, पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतले दिसते. दुसऱ्याने भगत सुचवला. हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात निरपराध मुली-बायकांचे खून पडले, त्यामागे गुप्तधनाची लालसाही होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणे हा आता गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराच्या परसात भगताने नारळ फिरवावा, हे आत्याने कधीच चालू दिले नसते. ती म्हणाली, "माझ्या आईने पहारीने खणले. तुम्ही पण पहारीनेच खणा."

पण सगळे परस पहारीने खणायचे तर महिना लागेल. म्हणून मेटल डिटेक्टर.

इथेही ठकसेन बसलेले आहेतच. मुंबईत एका विक्रेत्याने आम्हाला दोन अँटेना असलेली मूठ दाखवली. सोने अर्ध्या किलोमीटरवर असले तरी अँटेना आपोआप तिकडे वळते, असे तो सांगत होता. अशा वस्तूला हे लोक 'लाँग रेंज लोकेटर' म्हणतात. वाचकांनी एक उदाहरण ध्यानात ठेवावे. इंग्लंडच्या जेम्स मॅककॉर्मिक या माणसाने असलीच अँटेनाची मूठ 'एडीई ६५१' या नावाने बाँब शोधण्याचे यंत्र म्हणून इराकला विकली. मुळात ती गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या खेळण्यावरून केलेली होती. आत काम करणारे काहीही नव्हते. तिच्यावर विसंबून लोक जिवाला मुकले. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. भगताचा नारळ आणि ही अँटेना यांच्यात फरक फक्त प्लॅस्टिकचा आहे.

आमचा पुतण्या सिक्युरिटीत आहे. त्याने मॉलच्या दारावर फिरवतात ते हातातले यंत्र आणून दाखवले. ते खरे यंत्र असते, पण अंगावरचा चाकू किंवा किल्ली शोधण्यासाठी केलेले. काही इंचांपलीकडे त्याला कळत नाही. परसात त्याचा उपयोग नाही.

मग खरे यंत्र चालते कसे? त्याच्या टोकाला थाळीसारखी कॉइल असते, तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की आजूबाजूला बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातू असेल तर त्या धातूत बारीक भोवरे घेणारी वीज निर्माण होते आणि तिचे स्वतःचे दुबळे क्षेत्र उमटते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि कानात आवाज येतो. यात मंत्र नाही, तंत्र आहे. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असेच यंत्र वापरले होते. गोळी सापडली नाही. एक तर डॉक्टरांनी शरीराच्या चुकीच्या बाजूला शोध घ्यायला लावला, आणि बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असेही सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे युझेफ कोसात्स्की यांनी सैनिकाला हातात धरून चालता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले. १९४२ साली एल अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले. आजची यंत्रे याच वंशातली.

दुकानात गेल्यावर आमच्यापुढे तीन प्रकार आले.

पहिला प्रकार 'व्हीएलएफ', म्हणजे अगदी कमी वारंवारतेच्या लहरी सतत सोडणारा. बाजारात बहुतेक यंत्रे याच प्रकारची असतात. गॅरेट ही अमेरिकेची कंपनी, माइनलॅब ऑस्ट्रेलियाची, नोक्ता तुर्कस्तानची. याचा मोठा गुण असा की लोखंड कोणते आणि तांबे-पितळ-चांदी कोणती, याचा अंदाज ते आवाजावरून आणि पडद्यावरच्या आकड्यावरून देते. दोष असा की माती लोहमिश्रित असेल तर ते गोंधळते.

दुसरा प्रकार 'पल्स इंडक्शन'. हा विजेचे झटके सोडतो आणि प्रत्येक झटक्यानंतर उरलेला प्रतिसाद ऐकतो. लोहमिश्रित मातीचा याला फारसा त्रास नाही आणि हा खोलवरही जातो. पण खिळा कोणता आणि डबा कोणता, हे त्याला नीट सांगता येत नाही.

तिसरा प्रकार दोन पेट्यांचा, लांब दांड्याच्या दोन टोकांना एकेक पेटी. मोठा हंडा किंवा पेटी बरीच खोल असली तरी त्याला कळते, पण लहान वस्तू त्याला दिसतच नाहीत.

दुकानदार अर्थातच सगळ्यात महागड्या यंत्राचे गुण गात होता. आम्ही मात्र घरूनच तीन प्रश्न ठरवून गेलो होतो. वस्तू केवढी आणि कोणत्या धातूची? किती खोल? आणि माती कोणती?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आत्याकडेच होती. डबा पितळी, वीतभर रुंद. एकटी बाई तिन्हीसांजेला पहारीने खणते तेव्हा हात-दीड हातापेक्षा खोल जात नाही. वर सत्तर वर्षांची माती आणि पालापाचोळा चढला असेल, तो फार तर वीतभर धरावा. चांगले व्हीएलएफ यंत्र एका नाण्याचा ठाव वीतभर खोलीपर्यंत लावते, डब्याएवढ्या वस्तूचा त्याहून बराच खोल. तेव्हा दोन पेट्यांच्या यंत्राला पैसे घालण्याचे कारण उरले नाही.

तिसरा प्रश्न महत्त्वाचा. आमची माती कोकणची, जांभ्याची. जांभा तांबडा दिसतो तो त्यातल्या लोहामुळे. अशा मातीवर स्वस्तातले यंत्र जमिनीलाच धातू समजून ओरडत राहते. घाटावरचे वाचकही यातून सुटलेले नाहीत, कारण काळ्या पाषाणात आणि त्याच्या मातीतही लोहखनिज असते. मग पल्स इंडक्शन घ्यावे काय? तर आमच्या परसात तीन पिढ्यांचे खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे. प्रत्येक खिळ्यासाठी खड्डा खणायचा तर पहार काय वाईट होती?

म्हणून शेवटी व्हीएलएफच घेतले, पण तीन गोष्टी पाहून. एक, अनेक वारंवारता एकाच वेळी वापरणारे, कारण ते मातीचा गोंधळ बराच सावरून घेते. दोन, 'डबल डी' कॉइलचे, कारण अशा मातीत ती साध्या गोल कॉइलपेक्षा शांत राहते. कॉइल अकरा इंची घेतली. याहून मोठी खोल जाते, पण हात दुखतो आणि बारीक वस्तू सुटतात. तीन, 'ग्राउंड बॅलन्स' असलेले, म्हणजे कॉइल जमिनीवर खाली-वर करून यंत्राला मातीची ओळख करून देता येते. चित्रे दाखवणारा रंगीत पडदा, खजिन्याची पेटी दिसते म्हणून सांगणारी सोय, यांचे पैसे आम्ही वाचवले. आणि यंत्र विकत न घेता अनामत भरून चार दिवसांसाठी भाड्याने आणले. दोन दिवसांच्या कामासाठी कायमची वस्तू घेणे आपल्यासारख्यांना परवडणारे नाही.

निघण्यापूर्वी एका वकिलाला भेटलो. प्रत्येकाने हे करावे. गुप्तनिधीचा कायदा १८७८ सालचा आहे आणि तो आजही चालू आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर सापडवणाऱ्याने शक्य तितक्या लवकर कलेक्टरला लेखी कळवायचे असते. काय सापडले, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, हे सगळे लिहायचे. लपवून ठेवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जमीन स्वतःची आहे म्हणून सूट नाही. दुसरे म्हणजे किल्ले, लेणी अशा संरक्षित स्मारकांच्या जागेत परवान्यावाचून खणायला १९५८ च्या कायद्याने बंदी आहे. तिथे हौसेने यंत्र घेऊन फिरू नये.

गावी पोहोचल्यावर दादाने सरपंच आणि पोलीस पाटील यांना बोलावून ठेवले होते. आत्याला रिक्षाने आणले. आम्ही आधी यंत्राची परीक्षा घेतली. वहिनीने पितळी डबा दिला, तो परसाच्या कडेला हातभर खोल पुरला आणि वरून यंत्र फिरवले. आवाज स्वच्छ आला, पडद्यावरचा आकडा लिहून ठेवला. ही परीक्षा आपल्याच मातीत घ्यावी, दुकानाच्या फरशीवर घेतलेली काही कामाची नाही. मग सुतळ्या बांधून परसाचे पट्टे पाडले. कॉइल जमिनीला लागेल न लागेल अशी धरायची, हळू फिरवायची, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवायची. यंत्र धरणाऱ्याने मोबाइल आणि पोलादी टोकाचे बूट दूर ठेवायचे.

पहिल्या दिवशी सापडले ते असे: कोयत्याचे पाते, बाटल्यांची झाकणे, गोळ्यांच्या पाकिटांचा चमकणारा कागद, पत्र्याचे तुकडे, लहानमोठे खिळे. लोखंडाचा आवाज ओळखू येऊ लागल्यावर ते सोडत गेलो. संध्याकाळी एक भोकाचा पैसा मिळाला, १९४४ सालचा. आणि वर्दीचे एक पितळी बटण. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली आणि आजोबा पुढच्याच वर्षी तिच्यात भरती झाले होते. दादाचा मुलगा सध्या सैन्यभरतीसाठी पहाटे धावायला जातो. बटण त्याने खिशात घातले, कुणी काही म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या न्हाणीच्या पाथरीजवळ आवाज आला. आकडा आदल्या दिवशी लिहून ठेवलेल्या आकड्याच्या अगदी जवळचा होता, कुठूनही फिरवले तरी हलत नव्हता. दादाने कुदळ बाजूला ठेवली आणि खुरप्याने माती काढू लागला. हात-सव्वा हातावर हिरवी पडलेली पितळ दिसली. झाकण काठाशी पूर्ण गंजून डब्याशी एक झाले होते आणि माडाच्या मुळांची जाळी त्याभोवती आवळून बसली होती. पोलीस पाटलांनी ते मोबाइलवर टिपून घेतले. तो डबा पुरल्यापासून कुणाचा हात त्याला लागलेला नव्हता, हे सांगायला पंच लागत नव्हते.

झाकण कापून काढले. आत कापडाची माती झालेली, आणि त्यात चांदीचे दोन वाळे, काळे पडलेले, तान्ह्या बाळाच्या पायातले. सोबत बोटभर करदोडा. सोने नव्हते.

आत्याने वाळे हातात घेतले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझ्या आधी एक भाऊ होता. देवीच्या साथीत गेला. त्याचे असणार. आईने त्याचे नाव कधी घेतले नाही." आमच्यापैकी कुणालाही हे माहीत नव्हते. मग त्याच परसात बसून आम्ही एकेकाने आठवून पाहिले, सोने आहे हे प्रथम कुणी सांगितले? याने त्याच्याकडून ऐकले होते, त्याने तिच्याकडून. डबा पाहणारी एकटी आत्या, आणि तिने सोन्याचे नाव कधीच घेतले नव्हते.

दादा खड्ड्याच्या काठावर बसून म्हणाला, "आबांनी दोन फणस तोडून लाकूड विकले, त्यातून कौले आली. आईने वर्षभर लाकूडवाल्याकडे उधारीचे पैसे मागायला खेपा घातल्या. विचारले असते तर सांगितले असते." ज्यांनी विचारायचे होते त्यांच्यापैकी कुणीच आता हयात नव्हते. आत्या म्हणाली, "तुझी आई आज हवी होती रे," आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

कायद्याप्रमाणे त्याच दिवशी पंचनामा केला आणि दुसऱ्या दिवशी कलेक्टरांच्या नावे अर्ज दिला. दोन वाळे आणि करदोड्याचा तुकडा यांच्यासाठी एवढे कशाला, असे काहीजण म्हणाले. पण चांदी दहा रुपयांहून महागच आहे, आणि पन्नास वर्षे तोंडी चाललेली गोष्ट एकदा कागदावर येणे दोन्ही घरांना हवे होते. अर्जाची पोच दादाकडे आहे, तिची एक प्रत आमच्याकडे.

यंत्र वेळेवर परत केले, अनामत मिळाली. वाचकांपैकी कुणाला असे यंत्र आणायचे असेल तर त्यांनी वस्तू, खोली आणि माती हे तीन प्रश्न घेऊन दुकानात जावे, अँटेनावाल्याला दारातूनच परतवावे, आणि खड्डा खणण्याआधी वीज-पाण्याच्या वाहिन्या कुठून गेल्या आहेत ते पाहावे. पण त्याहीआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे. तुम्ही काय ऐकले हे न विचारता, तुम्ही स्वतः डोळ्यांनी काय पाहिले, एवढेच विचारावे. आमच्या आत्याला हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

दादाच्या घरकुलाचा पाया भरून झाला आहे. स्लॅबच्या वेळी मुंबईहून आम्ही सगळे जाणार आहोत, घमेली उचलायला माणसे लागतात.